माळाला मी उजाड जंगल ठरवलं

गावच्या लोकजैवविविधता नोंदवहीत माळाच्या नावापुढे मी माझ्या हातानं लिहिलं होतं: 'दक्षिणी शुष्क पानझडी वन, अवनत अवस्था; वृक्षलागवडीस योग्य.' दोन्ही गोष्टी चुकीच्या होत्या. पहिली कागदावरच राहिली असती तर कुणाचं फारसं बिघडलं नसतं. पण दुसरी पहिलीतून निघाली, आणि तिच्या आधारावर माळावर खड्डे खणले गेले.

हा माळ देवगाव फाट्याजवळ, सेलू तालुक्यात आहे. फाट्यावरून एक रस्ता सेलूला जातो, एक मंठ्यावरून जालन्याला आणि एक चारठाण्यावरून जिंतूरला. सेलूच्या बाजूला दुधनेच्या खोऱ्यातली काळी जमीन आहे, कापूस-सोयाबीन-तुरीची. जिंतूरच्या बाजूला जमीन हळूहळू उचलत जाते आणि अजिंठ्याच्या रांगेचे फाटे लागतात. या दोन्हींच्या मध्ये बरड आहे: वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली मांजऱ्या खडक. नांगराला नको, विहिरीला नको, म्हणून गायरानात राहिलेली जमीन. मी सांगतोय तो माळ अशाच एका गावाचा. परभणी जिल्ह्यात वनाच्छादन एक टक्क्याच्या आसपास आहे. अशा जिल्ह्यात वर्षानुवर्षं वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला मोकळी जमीन दिसली की तिथं झाड असायला हवं होतं असंच वाटतं. मला वाटलं.

तो काळही तसाच होता. २०१६ मध्ये राज्यात दोन कोटी झाडांपासून सुरू झालेली मोहीम २०१९ मध्ये ३३ कोटींवर पोचली होती. दुसरीकडे २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे गावोगावी नोंदवह्या तयार करायच्या होत्या. त्या वर्षानुवर्षं रखडल्या होत्या, आणि राष्ट्रीय हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिल्यावर सगळीकडे धावपळ उडाली. मुदत उलटली तरी काम चालूच राहिलं. नोंदवहीसाठी माझ्या वाट्याला हे गाव आलं तेव्हा उन्हाळा लागला होता. पहिली चूक तिथंच झाली: मी माळ पाहिला तो वैशाखात. पण त्याआधीच, घरी बसून, मी त्याचं वर्गीकरण करून ठेवलं होतं.

भारतातल्या जंगलांचे प्रकार ठरवताना आजही हॅरी चॅम्पियन आणि एस. के. सेठ यांचा आधार घेतला जातो. चॅम्पियन यांनी १९३६ साली भारत आणि ब्रह्मदेशातल्या वनप्रकारांची पहिली पाहणी प्रसिद्ध केली. सेठ यांच्यासोबतची सुधारित आवृत्ती १९६८ ची. त्यात १६ मोठे गट आहेत आणि त्यांच्या पोटात दोनशेच्या आसपास प्रकार. पाचवा गट शुष्क पानझडी वनांचा, सहावा काटेरी वनांचा. प्रत्येक गटात हवामानानं घडलेले प्रकार वेगळे, जमिनीमुळे घडलेले वेगळे, आणि अवनत अवस्था म्हणजे तोडीनं, चराईनं, वणव्यानं खाली आलेले वेगळे. काम अफाट आहे आणि माझा त्याबद्दलचा आदर कमी झालेला नाही. पण पाचव्या गटात शुष्क गवताळ प्रदेश कुठं बसवलाय ते पाहा: अवनत अवस्थांच्या यादीत. म्हणजे आठ-नऊशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या आमच्या भागात कुठं गवत दिसलं, की तक्त्यानुसार ते आपोआप पडझड झालेलं जंगल ठरतं. तिथं पूर्वी जंगल होतं की नव्हतं, हा प्रश्न तक्ता विचारत नाही. मीही विचारला नाही.

या मांडणीच्या मुळाशी फ्रेडरिक क्लेमेन्ट्स यांचा सिद्धान्त आहे. अमेरिकेतल्या या शास्त्रज्ञानं १९१६ मध्ये मांडलं, की उघड्या जमिनीवर आधी साध्या वनस्पती येतात, मग गवत, मग झुडपं, मग झाडं, आणि शेवटी त्या हवामानाला शोभेल असा एक स्थिर समुदाय उभा राहतो. हा क्रम मी फळ्यावर असंख्य वेळा काढला आहे, डावीकडून उजवीकडे बाण दाखवत. हेन्री ग्लिसन यांनी १९२६ मध्येच याला हरकत घेतली होती. त्यांच्या मते प्रत्येक जात आपापल्या गरजेप्रमाणे आणि संधीप्रमाणे येते, ठरलेल्या मुक्कामाला निघालेली मिरवणूक वगैरे काही नसते. ग्लिसनही मी शिकवायचो, पण परीक्षेत टीप विचारतात म्हणून. डोक्यात बाण क्लेमेन्ट्सचेच होते.

त्या बाणांवर मी एक नकाशा चढवला. विद्यार्थ्यांना घेऊन किनवटला जायचो. तिथला साग, धावडा, मोह, तेंदू पाहिला की मन भरून यायचं. जिंतूरच्या डोंगरावर सालई, पळस, खुरटलेला धावडा दिसायचा. आणि फाट्याजवळच्या माळावर गवत, मधून हिवर, बोर आणि पळसाची खुंटं. मी तिन्ही एका ओळीत लावले: माळ म्हणजे सुरुवात, जिंतूर मधला टप्पा, किनवट शेवट. वेगवेगळ्या जागा पाहून काळाचा अंदाज बांधायची ही पद्धत परिस्थितिकीत मान्य आहे, पण तिला एक अट असते. त्या जागांचा पाऊस, माती आणि उतार सारखे असावे लागतात. किनवटला पाऊस जास्त, माती खोल. बरडावर पहारीनं दोन हात खणलं तरी कातळाचा आवाज येतो. ही अट मी दरवर्षी विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेत होतो, आणि स्वतः मात्र ती तपासली नाही.

वैशाखात माळावर गेलो तेव्हा सगळं मनासारखं दिसलं. गवताचे पिवळे ठोंब, मेंढ्यांच्या वाटा, एका कडेला वणव्याची काळी राख. पळस गुडघ्याएवढे, एकेका बुंध्यातून पाच-सहा फुटवे. कुऱ्हाडीनं छाटून छाटून खुरटलेलं जंगल, असा निष्कर्ष मी उभ्या उभ्याच काढला. माळावर मेंढ्या घेऊन आलेले एक आबा बाभळीच्या सावलीला बसले होते. मी त्यांना विचारलं, "आबा, इथलं जंगल केव्हा तुटलं?"

ते म्हणाले, "इथं जंगल कव्हाच नव्हतं, सर. माझ्या आज्यानंबी गवतच पाह्यलं. झाडं व्हती ती एवढीच. पवन्या मात्र लई व्हता, कमरंइतका. आता कुसळी झाली सगळी."

मी वहीत लिहिलं: 'पूर्वी गवत भरपूर असल्याची आठवण.' बाकीचं लिहिलं नाही. माणसाची आठवण तीन पिढ्यांची, जंगल त्याआधीच गेलं असणार, अशी माझी समजूत. त्या दोन-तीन वाक्यांत या माळाचा सगळा इतिहास होता, तोही माझ्याच विषयाच्या भाषेत, आणि मी तो खाली ठेवून आलो.

खड्डे पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर खणले गेले. मी सुचवलेली झाडं होती करंज, कडुनिंब, शिसू आणि गिरिपुष्प. खणताना मी हजर होतो. टिकाव पडला की मुरमाआधी एक थर निघायचा, वीतभर जाडीचा, मुळांनी इतका घट्ट शिवलेला की मजूर तो गोधडीसारखा उचलून बाजूला टाकत. त्यात कांदे होते, बोटाएवढे, लालसर सालीचे. मुसळीची गाठोडीच्या गाठोडी मुळं होती. एक बाई म्हणाल्या, "सर, ह्यो रानकांदा हाये, पाऊस पडला की फुलतो." मी हो म्हणालो आणि पुढच्या खड्ड्याकडे गेलो. रानकांदा मला माहीत होता, मुसळी माहीत होती. वर्षातले आठ-नऊ महिने जमिनीखाली काढणाऱ्या या वनस्पती तिथं इतक्या दाटीनं का आहेत, हा प्रश्न वनस्पतिशास्त्राच्या माणसाला तिथंच पडायला हवा होता.

पुढची दोन-तीन वर्षं कशी गेली ते थोडक्यात सांगतो. करंज आणि शिसू दुसऱ्या उन्हाळ्यात बहुतेक वाळले. गिरिपुष्प जगला. खड्ड्यांतून निघालेला मुरूम गवतावर पसरला होता. त्या मोकळ्या मातीत गाजरगवत आणि तरोटा उगवला. लागवडीला राखण म्हणून कळपांना बंदी झाली आणि मेंढ्या शेजारच्या गावाच्या आधीच ओरबाडलेल्या माळावर वळल्या. उन्हाळ्यात मुरमावर अंडी घालणारा धाविक मला तिथं पुन्हा दिसला नाही. माळटिटवी आणि चंडोल कडेला उरले. पूर्वी दिवाळीनंतर गाव तिथलं गवत कापून न्यायचं, तेही थांबलं. यातलं काहीही लागवडीच्या अहवालात येत नाही, कारण तिथं फक्त जगलेल्या झाडांची टक्केवारी विचारतात.

माझे डोळे उघडले ते भाद्रपदात त्याच माळाच्या न खणलेल्या भागात गेल्यावर. पाऊस बरा झाला होता. पवन्या फुलावर होता, त्याची कणसं वाऱ्यावर रुपेरी दिसत होती. मधे मारवेल, उताराला डोंगरी गवत, आणि बुडाशी इतक्या बारीक वनस्पती की खाली बसल्याशिवाय दिसत नव्हत्या. एक हात लांब-रुंद जागेतल्या जाती मोजायला बसलो आणि गिरिपुष्पाखालच्या तेवढ्याच जागेशी ताडून पाहिल्या. फरक समजायला गणित मांडायची गरज नव्हती.

मग मी आधीच वाचायला हवं होतं ते वाचलं. दाबडघाव आणि शंकरनारायण यांचं भारतातल्या गवतांच्या आच्छादनावरचं पुस्तक १९७३ चं आहे. दख्खनच्या पठाराचा बराचसा भाग त्यांनी पवन्या-मारवेल गटात घातला आहे. अति चराईनं तिथं आधी कुसळी वाढते आणि मग त्याहून हलकी, वर्षभरात संपणारी गवतं येतात, हेही त्यांच्या मांडणीत आहे. आबा नेमकं हेच सांगत होते: पवन्या गेला, कुसळी आली. माळ खरोखरच खालावला होता. पण तो उत्तम गवताकडून हलक्या गवताकडे घसरला होता, आणि त्यावरचा उपाय चराईची पाळी लावणं, बी धरू देणं हा होता. मी झाडंच शोधत होतो, म्हणून डोळ्यांसमोर चाललेला बदल मला दिसला नाही.

जयश्री रत्नम, महेश शंकरन आणि सहकाऱ्यांचा आशियातल्या सॅव्हानांवरचा लेख २०१६ मध्ये आला. आपण ज्यांना खुरटी, विरळ जंगलं म्हणतो त्यांतली कितीतरी खरं तर जुन्या, स्वयंपूर्ण सॅव्हाना आहेत, असं त्यात म्हटलं आहे. सॅव्हाना म्हणजे सलग गवत आणि मधून विखुरलेली झाडं. ही झाडं आगीला आणि चराईला सरावलेली असतात. त्यानंतर पळसाकडे पुन्हा पाहिलं. गुडघ्याएवढ्या एका पळसाच्या बुडाशी माती उकरली तर खालचं मूळ मांडीएवढं निघालं. म्हणजे हे झाड बाल नव्हतं आणि अर्धमेलंही नव्हतं. जळालं, चरलं, छाटलं तरी मुळातून पुन्हा उठणं ही त्याची जगण्याची रीतच आहे. मी जिला कुऱ्हाडीची खूण समजलो होतो, ती निदान काही अंशी त्या जातीचीच खूण होती.

सगळ्यांत जास्त लागलं ते आशिष नेर्लेकर आणि जोसेफ वेल्डमन यांचा २०२० चा शोधनिबंध वाचताना. जुना गवताळ प्रदेश एकदा मोडला, की त्याची मूळ जातिविविधता परत यायला किमान शतक लागतं, आणि त्यांच्या हिशेबानं सरासरी चौदाशे वर्षं. जुनं अरण्य तोडलं तर आपल्याला हळहळ वाटते. गवताच्या बाबतीत आपण वर्षभरात परत येईल असं धरून चालतो, कारण ते दरवर्षी वाळतं आणि दरवर्षी हिरवं होतं. वरची पाती वर्षाची असतात, खालची गुंतवळ किती जुनी आहे ते कुणी पाहत नाही. मी ज्या थराला टिकाव लावला त्याचं वय मला आजही सांगता येणार नाही. तो मी आयुष्यभर पाहिलेल्या कुठल्याही झाडापेक्षा जुना असू शकतो.

पश्चिम महाराष्ट्राचा माळही असाच जुना आहे, हे नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी पुढे मराठी वाङ्मयातून दाखवलं. जुन्या कथा, ओव्या, चरित्रग्रंथ यांत आलेल्या वनस्पतींची नावं त्यांनी तपासली, आणि त्यांत काटेरी, उघड्या माळाची झाडं मोठ्या संख्येनं सापडली. सुमारे साडेसातशे वर्षांमागंही तिथं मोकळा माळ होता असा त्याचा अर्थ. महानुभावांच्या लीळाचरित्रातल्या कितीतरी लीळा तर चक्रधरस्वामींच्या भ्रमंतीत आपल्याच गोदाकाठच्या वाटांवर घडल्या आहेत. कॉलेजात मराठीचे प्राध्यापक माझ्या शेजारच्या खोलीत बसत, आणि माळाच्या इतिहासाबद्दल त्यांना काही विचारावं असं मला कधी सुचलं नाही.

इथं थांबलो असतो तर सांगण्यासारखी एकच चूक झाली असती. पण एका चुकीनं पोळलेला माणूस उलट्या बाजूला झुकतो, तसं माझं झालं.

जिंतूरकडच्या एका गावानं डोंगराच्या उत्तर उतारावर कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली होती. गावकऱ्यांनी मला बोलावलं. मी गेलो, गवत पाहिलं, पळस पाहिला, आणि हाही मूळचा माळच आहे असं ठरवून टाकलं. म्हणालो, झाडं वाढायची वाट पाहू नका, चराई चालू करा, फाल्गुनात वाळलं गवत पेटलं तरी बिघडत नाही. गावानं ऐकलं, कारण सांगणारा शिकलेला होता. वणवा ओघळीत उतरला आणि धावड्याचे हातभर वाढलेले फुटवे करपून गेले. नंतर तिथं मी एका जाणत्या वनमजुरासोबत हिंडलो. त्यांनी मला सालईची जुनी खुंटं दाखवली, बेहड्याचं एक म्हातारं झाड दाखवलं, ओघळीत दगडांच्या फटीत साचलेली काळी, भुसभुशीत पालापाचोळ्याची माती हातात दिली. गुळवेल होती, सावलीत वाढणारी पातळ पानांची गवतं होती. तिथं रानकांदा नव्हता आणि पवन्या फक्त उघड्या धारेवर होता. त्या उताराला खरोखरच जंगल होतं, ते तुटलं होतं, आणि तिथं चॅम्पियन-सेठ यांचं 'अवनत' हे नाव अगदी बरोबर बसत होतं. गावानं स्वतःहून योग्य ते केलं होतं, आणि मी ते मोडलं.

दोन्ही वेळा मी जागेआधी नाव ठरवलं. पहिल्यांदा तक्त्यातून, दुसऱ्यांदा नव्यानं वाचलेल्या लेखांतून. प्रकाराचं नाव म्हणजे आजचं नुसतं वर्णन नसतं. 'अवनत वन' लिहिलं की इथं पूर्वी काय होतं आणि पुढं काय व्हायला हवं, हे दोन्ही आपण ठरवून टाकतो. त्या दोन्हींसाठी पुरावा लागतो, आणि तो एका फेरीत मिळत नाही. आता मी कुठल्याही माळाला भाद्रपदात एकदा आणि चैत्रात एकदा पाहिल्याशिवाय नाव देत नाही. खुंटं आहेत का, फुटवे कुठल्या जातींचे, सालीची जाडी किती, मातीची खोली किती, जमिनीखाली कांदे आहेत की पाचोळा, हे पाहतो. मेंढपाळांना 'जंगल केव्हा तुटलं' असं विचारत नाही, कारण त्या प्रश्नातच माझं उत्तर दडलेलं असतं. 'आधी काय होतं, आता काय आहे' एवढंच विचारतो आणि ते बोलतील ते शब्दशः लिहून घेतो.

त्या आबांना मी पुन्हा भेटलो. माळाची नोंद चुकीची केली, असं सांगितलं. ते म्हणाले, "आता काय लिव्हणार?" मी म्हणालो, तुम्ही सांगितलं होतं ते. त्यांनी मग गवतांची नावं एकेक करून सांगितली. कुठलं मेंढीला, कुठलं गाईला, कुठलं छपराला, कुठलं कुठल्या नक्षत्रात तोंडाला गोड लागतं. पानभर मजकूर झाला. आता नोंदवहीत माळाच्या नावापुढे 'पवन्या-मारवेल गवताळ माळ, विरळ हिवर-पळसासह. अति चराईमुळे कुसळी वाढलेली. वृक्षलागवड करू नये' असं लिहावं, हा दुरुस्तीचा अर्ज मी ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे दिला आहे. खणलेल्या भागात गिरिपुष्प काढून गवताचं बी टाकून पाहावं, असंही सुचवलं आहे. तिथं पूर्वीचा माळ माझ्या हयातीत परत येणार नाही, हे मी अर्जात लिहिलं आहे.

लोकजैवविविधता नोंदवही एकदा लिहून कपाटात ठेवायची वस्तू नाही. ती वेळोवेळी सुधारायचीच असते. तुमच्या गावाची नोंदवही ग्रामपंचायतीकडे मागा. माळाचं, गायरानाचं पान उघडून पाहा. तिथं 'पडीक', 'ओसाड' किंवा 'अवनत' असं लिहिलं असेल, तर खड्डे पडण्याआधी एकदा पावसाळा सरताना गावातल्या मेंढपाळाला सोबत घेऊन त्या माळावर जा, आणि जे दिसेल ते समितीला लेखी द्या.